गळा न ताणता दिवसभर बोलायचं कसं: शिक्षकांसाठी श्वास आणि आवाजाचा सराव

जूनच्या मध्यावर शाळा उघडते आणि महिना संपायच्या आत शिक्षकखोलीत खडीसाखरेची पुडी फिरायला लागते. दीड महिना निवांत असलेला आवाज पहिल्याच दिवसापासून पाच-सहा तास राबतो. त्यात पत्र्यावर पाऊस, डोक्यावर पंखा आणि सुट्टीनंतर जागेवर न बसणारी पन्नास मुलं. जुलैत कुणाचा घसा बसतो, कुणाचा आवाज फाटतो, आणि ‘शिक्षक म्हटलं की हे आलंच’ असं म्हणून सगळे पुढे जातात. ते ‘आलंच’ मानायचं कारण नाही. बोलायची पद्धत बदलता येते, आणि त्यासाठी सहा आठवडे रोज वीसेक मिनिटं पुरतात.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. ‘खोल श्वास घ्या आणि बोला’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धवट आहे आणि बरेचदा त्रासदायक ठरतो. बोलताना मोठ्या श्वासापेक्षा वेळेवर घेतलेला श्वास महत्त्वाचा. पुढचा सगळा सराव या एका गोष्टीभोवती आहे.

आत काय चालतं

गळ्यात पुढे हात लावल्यावर जो कडक उंचवटा लागतो, त्याच्यामागे स्वरतंतूंची जोडी असते. स्त्रियांमध्ये त्यांची लांबी साधारण सव्वा ते पावणेदोन सेंटिमीटर, पुरुषांमध्ये पावणेदोन ते अडीच. फुप्फुसातून येणाऱ्या हवेमुळे हे तंतू उघडतात-मिटतात. बाईंच्या आवाजात सेकंदाला सुमारे २०० वेळा, पुरुषांच्या आवाजात सुमारे ११० वेळा. आता हिशेब करा. ३५ मिनिटांच्या एका तासात प्रत्यक्ष ध्वनी निघण्याची वेळ फक्त १० मिनिटं धरली, तरी बाईंचे स्वरतंतू १ लाख २० हजार वेळा एकमेकांवर आपटतात. पाच तासांत सहा लाख. आपटणं टळणार नाही, पण ते हलकं असावं की जोराचं, हे आपल्या हातात आहे.

फुप्फुसांच्या खाली घुमटासारखा स्नायूचा पडदा आहे, श्वासपटल. श्वास घेताना तो खाली सरकतो, पोटातले अवयव थोडे पुढे ढकलतो आणि खालच्या बरगड्या बाजूंना रुंदावतात. म्हणून पोट पुढे येतं. हवा पोटात जात नाही. श्वास सोडताना ताणलेलं फुप्फुस रबरासारखं आपोआप आकसतं आणि आपण बोलतो ते मुख्यतः या आकसण्याच्या जोरावर.

छाती काठोकाठ भरली की आकसण्याचा जोर जास्त असतो. ती हवा एकदम सुटू नये म्हणून गळा तिला अडवून धरतो. उलट श्वास संपत आल्यावर आकसण्याचा जोर उरत नाही, पोटाचे स्नायू पिळून हवा काढावी लागते आणि उरलेली थोडीशी हवा पुरवायला गळा आवळला जातो. दोन्ही टोकांना भार गळ्यावरच. बोलण्याचा सोयीचा पट्टा मधला. साध्या श्वासापेक्षा थोडा जास्त श्वास घ्यायचा, बोलायला सुरुवात करायची आणि तो संपायच्या पुष्कळ आधी पुढचा घ्यायचा.

मराठी बोलणाऱ्याला दुसरं टोक फार नडतं. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं. ‘या दोन त्रिकोणांचे संगत कोन समान असतात, पण म्हणून ते त्रिकोण एकरूप असतीलच असे नाही’ या वाक्याचा सगळा जीव ‘असे नाही’मध्ये आहे, आणि नेमका तिथेच श्वास संपलेला असतो. शेवटचे दोन शब्द घशात खरखरतात, मागच्या बाकावर पोचत नाहीत. मुलं ‘काय, बाई?’ विचारतात आणि बाई तेच वाक्य दुप्पट जोरात पुन्हा म्हणतात. म्हणजे आधी ताण देऊन वाया गेलेलं वाक्य, मग ओरडून वसूल केलेलं.

आधी तपासणी

फोन टेबलावर ठेवून एका तासातली दहा मिनिटं ध्वनिमुद्रित करा. घरी ऐकताना मजकुराकडे लक्ष न देता तीन गोष्टी टिपा: वाक्याच्या शेवटी आवाज खरखरतो का, श्वास घेताना ‘हा’ असा आवाज ऐकू येतो का आणि दहा मिनिटांत किती वेळा खाकरलात.

मग घड्याळ लावून दोन मोजमापं घ्या. बेताचा श्वास घेऊन एकाच पट्टीत, आरामात ‘आ’ धरा. तीनदा करून सगळ्यांत लांबलेली वेळ लिहून ठेवा. निरोगी प्रौढ माणसाला साधारण १५ ते २५ सेकंद जमतं. दहाच्या खाली येत असेल तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

दुसरं मोजमाप आणखी उपयोगी आहे. आधी ‘स्स्स’ जमेल तितका लांबवा. मग जीभ त्याच जागी ठेवून गळ्याची थरथर जोडा, म्हणजे मधमाशी गुणगुणल्यासारखा ‘झ्झ्झ’ होईल, आणि तोही लांबवा. ‘स’मध्ये स्वरतंतू काम करत नाहीत, ‘झ’मध्ये करतात. दोन्ही वेळा जवळपास सारख्या यायला हव्यात. ‘स’ २० सेकंद आणि ‘झ’ १२ असेल तर श्वास पुरेसा आहे, पण स्वरतंतू नीट मिटत नसावेत. ‘स’च्या सेकंदांना ‘झ’च्या सेकंदांनी भागून उत्तर १.४ पेक्षा जास्त येत असेल, आणि दोन-तीन दिवस तसंच येत राहिलं, तर सरावाआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गळा दाखवा.

पहिला आठवडा: आडवं पडून

चटईवर उताणे झोपा. डोक्याखाली तीन-चार सेंटिमीटर जाडीचं पुस्तक ठेवा, म्हणजे हनुवटी वर जाणार नाही. गुडघे वाकवून तळवे जमिनीवर टेका, नाहीतर कंबर उचललेली राहते आणि पोट सैल पडत नाही. एक हात बेंबीच्या किंचित वर, दुसरा खालच्या बरगड्यांच्या बाजूला.

पहिली दोन मिनिटं काहीच करू नका. श्वास येतो-जातो तो फक्त हाताला जाणवू द्या. बहुतेकांची चूक इथेच होते. ‘पोटानं श्वास घ्यायचा’ म्हणून पोट मुद्दाम फुगवलं जातं. पोट फुगवणं हा निराळा स्नायूव्यायाम आहे. छातीत हवा न घेताही तो करता येतो. म्हणून घेण्याऐवजी सोडण्यापासून सुरुवात करा. ओठ चंबूसारखे करून ‘फू’ करत हवा हळूहळू बाहेर सोडा, शेवटी क्षणभर थांबा आणि पोट सैल सोडा. श्वास आपोआप आत येतो आणि हात वर उचलला जातो. तुम्ही ओढलेला नसतो. हे एकदा कळलं की अर्धं काम झालं.

असे दहा श्वास झाल्यावर ‘स्स्स’ सुरू करा. मनात चार मोजेपर्यंत एकसारखा सोडा, थांबा, पोट सैल, श्वास आत. मग सहा, आठ, दहा. आठवडाभरात बारापर्यंत पुरे. ‘स’चा आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा हवा. सुरुवातीला जोरात आणि शेवटी बारीक होत असेल तर हवा एकदम सुटते आहे. तेव्हा श्वास वाढवू नका. खालच्या बरगड्या लगेच आत पडू न देता थोड्या रुंद राहू द्या. चक्कर आल्यासारखं वाटलं तर थांबा. तुम्ही गरजेपेक्षा जास्त हवा घेता आहात.

प्राणायाम करणारे विचारतात, कपालभाती चालेल का? त्याचे फायदे असतील ते असोत, पण त्यात श्वास झटक्यानं बाहेर फेकला जातो आणि बोलताना नेमकं उलटं, म्हणजे लांब आणि एकसारखं सोडणं लागतं. भ्रामरी मात्र या सरावाला अगदी जवळची आहे. येत असेल तर ती जरूर ठेवा.

दुसरा आठवडा: उभं राहून

उभं राहिल्यावर सगळं बिघडतं, कारण जुन्या सवयी पायांपासून सुरू होतात. गुडघे मागे ताठ दाबलेले असले की कंबर पुढे जाते आणि पोटाची भिंत कडक होते. गुडघे जरा सैल ठेवा. वजन दोन्ही पायांवर. मुलांकडे बघताना हनुवटी पुढे काढायची सवय असते. मानेचा मागचा भाग लांब झाल्यासारखा वाटेल इतकी हनुवटी आत घ्या, पण छातीला चिकटवू नका.

कपड्यांचाही यात मोठा वाटा आहे, आणि सहसा त्याबद्दल कुणी बोलत नाही. परकराची नाडी घट्ट आवळलेली असेल, किंवा पट्टा एक भोक जास्त ओढलेला असेल, तर पोट पुढे यायला जागाच उरत नाही आणि श्वास वर छातीत, खांद्यांत चढतो. नाडी बांधताना आत दोन बोटं सहज जातील इतकी ढिली ठेवा. साडी निसटायची भीती असेल तर रुंद पट्टीचा परकर वापरा. बारीक नाडीसारखा तो एकाच रेषेत काचत नाही.

आता तोंडानं झटपट श्वास घ्यायला शिका. दोन वाक्यांच्या मध्ये नाकानं श्वास घेण्याइतका वेळ नसतो. परिच्छेद संपला, मुलं लिहून घेतायत, तेव्हा नाकानं घ्या. बोलता-बोलता मात्र तोंड किंचित उघडं ठेवून, आश्चर्य वाटल्यावर आपण न बोलता ‘अच्छा!’चा चेहरा करतो तसा घसा मोकळा ठेवून घ्या. आवाज न करता. श्वास घेताना आवाज आला तर वाट अरुंद झाली आहे असं समजा.

सरावाला पाढ्यांइतकं चांगलं साधन नाही. ‘बे एके बे’ म्हणा, थांबा, पोट सैल सोडून अर्ध्या सेकंदात श्वास येऊ द्या. ‘बे दुणे चार’, श्वास. ‘बे त्रिक सहा’, श्वास. प्रत्येक ओळीला इतक्या श्वासाची गरज नसते आणि म्हणूनच हा सराव कामाचा. गरज पडायच्या आधी श्वास घ्यायची सवय लागते. नंतर दोन ओळींना एक श्वास, मग तीन ओळींना. पाचव्या ओळीला आवाज खरखरला तर तुमची मर्यादा चार समजा आणि वर्गात तीनवर थांबा.

तिसरा आठवडा: पाण्यातली नळी

सगळ्या सरावातून एकच ठेवायचा असेल तर आम्ही हा ठेवू. फिनलंडमध्ये आंत्ती सोवियार्वी यांनी १९६० च्या दशकात काचेच्या नळीतून आवाज काढण्याची पद्धत रुजवली. प्रौढांसाठीच्या त्या नळ्या २६ ते २८ सेंटिमीटर लांबीच्या असत. आपल्याला शीतपेयाची साधी नळी चालते: व्यास पाच-सहा मिलिमीटर, लांबी वीसेक सेंटिमीटर. कागदाची भिजून चपटी होते. स्टीलची किंवा जाड प्लास्टिकची घ्या.

पेल्यात पाच-सहा सेंटिमीटर पाणी घ्या. नळीचं टोक पाण्यात एक ते दोन सेंटिमीटर बुडवा, जास्त नाही. पेला तोंडाजवळ उचलून धरा, मान खाली घालू नका. ओठ नळीभोवती बंद, दात एकमेकांपासून सुटे. आधी नुसती हवा सोडून बुडबुडे काढा. मग त्याच हवेवर सोयीच्या पट्टीत ‘ऊ’ धरा. बुडबुडे एकसारखे, भात रटरटतो तसे यायला हवेत.

पाण्याचा हलका विरोध मागे गळ्यापर्यंत पोचतो. त्या दाबानं स्वरतंतू एकमेकांपासून किंचित सुटे राहतात, त्यामुळे थरथर पूर्ण होते पण आपटणं सौम्य होतं. म्हणूनच घसा दमलेला असतानाही हा व्यायाम सोपा जातो.

एक मिनिट सरळ ‘ऊ’. एक मिनिट आवाज खालून वर आणि वरून खाली घसरवा, पाळणा झुलल्यासारखा. एक मिनिट कुठलीही ओळखीची चाल नळीतून म्हणा. दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येकी दोन-तीन मिनिटं. मधल्या सुट्टीतही जमतं.

पाणी पेल्याबाहेर उडत असेल तर जोर फार आहे. बुडबुडे मध्येच थांबत असतील तर श्वास तुटतो आहे. बुडबुडेच येत नाहीत आणि आवाज मात्र येतो, तर हवा नाकातून पळते आहे. नाक चिमटीत धरून बघा, तेव्हा बुडबुडे सुरू झाले तर खात्री पटेल. गाल फुगले तरी बिघडत नाही, पण घसा आवळल्यासारखा वाटला तर नळी अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत वर घ्या. नळी हाताशी नसेल तर ओठांची फुरफुर करा, घोडा फुरफुरतो तशी. ओठ थरथरत नसतील तर दोन बोटांनी गाल हलकेच वर उचलून धरा.

चौथा आठवडा: ‘हं’पासून वाक्यापर्यंत

फोनवर कुणाचं ऐकताना आपण मध्ये मध्ये ‘हं… हं’ म्हणतो. तेव्हा आवाज जिथे लागतो, ती तुमची मोकळी पट्टी. वर्गात शिरल्यावर बहुतेक शिक्षकांची पट्टी तिच्यापेक्षा कितीतरी वर चढते आणि दिवसभर उतरत नाही.

ओठ मिटून, दात सुटे ठेवून ‘हं’ लांबवा: ‘म्म्म’. ओठांना, नाकाच्या कडांना बारीक मुंग्या आल्यासारखी थरथर जाणवली पाहिजे. जाणवत नसेल तर जबडा आवळलेला आहे, चघळत-चघळत गुणगुणा. थरथर जाणवली की त्यातूनच शब्दात उतरा: ‘म्म्म-मामा’, ‘म्म्म-मीना’, ‘न्न्न-नाना’. मग वाक्य: ‘मीनाने मामाला नवीन माठ मागितला.’ म, न, ण यांनी भरलेली वाक्यं स्वतः तयार करा. त्यानंतर आवाज तसाच लावून पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद वाचा. शब्द कोरडे, घशात पडल्यासारखे वाटले की पुन्हा ‘हं’वर या.

गाणारे खर्जाचा रियाज करतात, तसा शिक्षकांनी करावा का? सोयीनं जितक्या खाली जाता येईल तितपत ठीक. जाणत्या गुरूशिवाय आवाज भारदस्त व्हावा म्हणून दाबून खाली ढकलणं मात्र गळ्यावरच येतं.

याच आठवड्यात स्वरानं सुरू होणाऱ्या शब्दांकडे बघा. वर्गातले सगळ्यांत जास्त वापरले जाणारे शब्द कोणते? ‘अरे’, ‘ऐका’, ‘उठा’, ‘इकडे’, ‘आता’. सगळे स्वरानं सुरू होतात आणि सगळे रागात म्हटले जातात. अशा वेळी स्वरतंतू आधी घट्ट मिटतात आणि मग हवा त्यांना फोडून बाहेर येते. आरशासमोर ‘अरे!’ असं दटावून म्हणा. गळ्यात ‘टक्’ असा बारीक ठोका जाणवेल. दिवसात असे शेकडो ठोके पडतात.

उपाय दोन. सरावात शब्दाआधी हलका ‘ह’ लावा: ‘हऐका’, ‘हउठा’, पाच-सहा वेळा म्हणून झाल्यावर ‘ह’ फक्त मनात ठेवा, सुरुवात मऊ राहील. वर्गात त्याहून सोपं: वाक्याची सुरुवातच बदला. ‘ऐका रे!’ऐवजी ‘मुलांनो, ऐका’. ‘म’वर आवाज आधीच लागलेला असतो, ‘ऐका’ त्याच्या प्रवाहात येतो.

पाचवा आठवडा: मोठ्यानं बोलायचं तर

शेतात बांधावरून हाक मारणारा माणूस ‘ए गणपाsss’ म्हणतो. तो शेवटचा स्वर लांबवतो, तोंड पुरतं उघडतो आणि हाकेआधी श्वास घेतो. वर्गात आपण यातलं काहीच करत नाही. तोंड अर्धवट मिटलेलं ठेवून गळा आवळतो. दाढांमध्ये तर्जनीचं टोक मावेल इतका जबडा ‘आ’, ‘ए’, ‘ओ’ला खाली आला पाहिजे. नुसतं तोंड उघडल्यानं त्याच कष्टात आवाज लांब जातो. मग स्वर थोडे लांबवा आणि वेग कमी करा. शेवटच्या बाकाला जोरापेक्षा सुटे-सुटे शब्द जास्त लागतात.

रिकाम्या वर्गात सराव करा. समोर एक मीटरवर कुणी आहे असं समजून एक वाक्य म्हणा, मग तीन मीटर, मग शेवटची भिंत. प्रत्येक टप्प्यावर श्वास आधी, तोंड जास्त उघडं, आणि पट्टी ‘हं’च्या जवळपास. पट्टी दोन-तीन स्वरांपेक्षा वर चढली की एक टप्पा मागे या.

वर्गच बदला

सराव कितीही केला तरी चुकीच्या जागी उभं राहून आवाज वाचत नाही. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबलनं जास्त पोचतो. बंद वर्गात फरक थोडा कमी पडतो, पण पडतोच. चार पावलं पुढे गेल्यानं जे मिळतं ते ओरडून मिळवण्यात अर्थ नाही. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. लिहा, वळा, मग बोला.

आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये हे मांडलं, म्हणून त्याला लोंबार परिणाम म्हणतात. तो नुसत्या निश्चयानं रोखता येत नाही, गोंगाट कमी करावा लागतो. खडखडणारा पंखा दुरुस्त करून घ्या, रस्त्याकडची खिडकी तासापुरती लोटा. पत्र्यावर धो-धो पाऊस पडत असताना शिकवूच नका. ती दहा मिनिटं लेखनाची. मुलांना शांत करायला आवाज वापरायचा नाही हा नियम स्वतःला घाला: टाळ्यांचा ठरलेला ठेका, टेबलावरची घंटा किंवा वर केलेला हात. पहिले आठ दिवस मुलं दाद देत नाहीत, मग देतात.

परिपाठाला मैदानावर माइक असलाच पाहिजे. कमरेला लावायचे छोटे स्पीकरही चांगलं काम देतात, आणि ते वापरण्यात कमीपणा नाही. माइक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं अंतरावर ठेवा, अगदी समोर धरला तर ‘फ’, ‘भ’ फुटतात. आणि माइक लावल्यावर आवाज खरोखर खाली आणा, एरवी दोन्हीकडून तोटा.

खडूची धूळ घसा कोरडा करते. फळा कोरड्या डस्टरऐवजी ओलसर फडक्यानं पुसा.

पाणी, खाकरणं आणि डब्यातले उपाय

गिळलेलं पाणी स्वरतंतूंना लागत नाही. ते अन्ननलिकेत जातं. शरीरात पाणी पुरेसं असलं की काही वेळानं तंतूंवरचा चिकट थर पातळ राहतो. म्हणून तास सुरू झाल्यावर घटाघटा पिण्यापेक्षा सकाळपासून घोटघोट प्या. शाळेत स्वच्छतागृह नीट नाही म्हणून अनेक शिक्षिका दिवसभर पाणीच पीत नाहीत. आवाज जाण्यामागचं हे खरं आणि मोठं कारण आहे, आणि ते एकट्या शिक्षिकेनं सोसायचं नसून शाळेनं सोडवायचं आहे.

वाफ मात्र थेट तंतूंपर्यंत पोचते. साध्या पाण्याची, पाच ते दहा मिनिटं, चेहरा भाजणार नाही इतक्या अंतरावरून. बाम किंवा निलगिरी नको.

खाकरण्यात स्वरतंतू एकमेकांवर जोरात घासले जातात, त्यामुळे आणखी स्राव होतो आणि पुन्हा खाकरावंसं वाटतं. वाटलं की एक घोट पाणी. पाणी नसेल तर हनुवटी खाली करून कोरडाच आवंढा गिळा. तरीही राहिलं तर हलकं ‘म्म्म’. दोन आठवडे हे पाळलं की उबळ कमी होते.

ज्येष्ठमध, खडीसाखर यांनी लाळ सुटते आणि घशाला बरं वाटतं. तेवढंच. ज्येष्ठमध जास्त प्रमाणात रोज खाल्ल्यानं रक्तदाब वाढू शकतो, तेव्हा दाबाचा त्रास असणाऱ्यांनी जपा. झोंबणाऱ्या पुदिन्याच्या गोळ्यांनी घसा बधिर होतो, ताण कळत नाही आणि आपण जास्त बोलतो. घसा बसल्यावर कुजबुजून बोलणं हाही उपाय नाही. जोर लावून कुजबुजताना पुष्कळांचा गळा अधिक आवळला जातो. हळू, मऊ, कमी बोला.

सकाळी उठल्यावर आवाज घोगरा, तोंडाला आंबट चव, घशात काहीतरी अडकल्यासारखं, असं रोजचं असेल तर रात्रीच्या जेवणाकडे बघा. पोटातलं आम्ल वर येत असावं. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा.

सहाव्या आठवड्यापासूनचा रोजचा क्रम

शाळेला निघण्याआधी सहा मिनिटं: खांदे-मान सैल करणं, ‘स्स्स’ पाच वेळा, नळी दोन मिनिटं, ‘म्म्म’वरून शब्द एक मिनिट, पाढा एक मिनिट. सलग दोन तास बोललात की दहा मिनिटं खरंखुरं मौन. शिक्षकखोलीतल्या गप्पा म्हणजे विश्रांती नव्हे. घरी आल्यावर दोन मिनिटं नळीतून वरून खाली घसरते ‘ऊ’, म्हणजे चढलेली पट्टी उतरते. संध्याकाळी शिकवण्या घेत असाल तर हा शेवटचा भाग दोन्ही कामांच्या मध्ये घ्या.

महिन्यातून एकदा ‘स’, ‘झ’ आणि ‘आ’ची वेळ पुन्हा मोजा आणि आधीच्या आकड्यांशेजारी लिहा.

डॉक्टरांकडे कधी

सर्दी-खोकल्याबरोबर बसलेला आवाज एक-दोन आठवड्यांत सुटतो. तीन आठवडे उलटूनही घोगरेपणा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीनं स्वरतंतू बघून घ्यायलाच हवेत. तंबाखू, मशेरी, गुटखा किंवा विडी-सिगारेटची सवय असेल तर तीन आठवडेही थांबू नका. थुंकीत रक्त, मानेत गाठ, गिळताना त्रास, श्वास घेताना घरघर, किंवा बोलता-बोलता आवाज एकदम जाणं, यांपैकी काहीही असेल तर लगेच जा.

सतत ताणून बोलल्यानं तंतूंच्या कंप पावणाऱ्या भागाच्या मध्यावर, जिथे आपटणं सगळ्यांत जोराचं असतं तिथे, दोन्ही बाजूंना लहान गाठी येतात. नाव ऐकून शिक्षक घाबरतात. या गाठी म्हणजे कर्करोग नव्हे, आणि बहुतेक वेळा पहिला उपचार वाचा-उपचारतज्ज्ञांकडे काही आठवडे आवाजाचा सराव हाच असतो. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि नायर रुग्णालयातला वाचा-श्रवण विभाग इथे ही सोय आहे. जाताना वर्गातलं ध्वनिमुद्रण आणि आकड्यांची वही न्या. दवाखान्यात दोन मिनिटं बोलताना आवाज बरा लागतो, खरी अडचण चौथ्या तासाच्या ध्वनिमुद्रणात ऐकू येते.

घसा बसून बरा झाल्यावर पहिल्या दिवशी थेट पूर्ण वेळापत्रक घेऊ नका. सकाळी फक्त नळी. ‘ऊ’ न तुटता दहा सेकंद टिकला तर दोन तास शिकवा, बाकीचे तास वाचन-लेखनाचे ठेवा. दुसऱ्या दिवशी एक तास वाढवा. संध्याकाळी ‘झ’ची वेळ सकाळपेक्षा निम्म्यावर आली असेल तर त्याच्या पुढच्या दिवशी तास वाढवायचा नाही.